जात्याची माकडी

पिंपळीत सावळारामच्या घरी अर्धी शिडी होती. उरलेली अर्धी भिंतीपलीकडं, त्याच्या धाकट्या भावाच्या, कुंडलिकच्या घरी. दोन्ही घरांचे माळे एकाच उंचीचे आणि दोन्ही अर्ध्या शिड्या माळ्याच्या निम्म्यातच संपायच्या. त्यामुळं माळ्यावरचं काही काढायचं झालं, की सावळाराम शेजारच्या सर्जेरावाकडून शिडी मागून आणायचा आणि कुंडलिक पुढच्या आळीतून. पण आपली अर्धी शिडी काही जळणात घालायची नाही, याबाबतीत दोघा भावांचं पक्कं एकमत होतं. बाकी कशातच नव्हतं.

हा प्रकार झाला वाटणीच्या दिवशी. पंच म्हणून बापूसाहेब बसले होते. माणूस सरळ, तोंडाचा जरा फटकळ. जमिनीची वाटणी दुपारपर्यंत उरकली, बांध कुठं घालायचा ते ठरलं, बैल एकएक घेतला. मग निघाली भांडीकुंडी, आणि तिथं गाडी अडली ती अडलीच. हा म्हणायचा शिडी मला, तो म्हणायचा मग मला काय. बापूसाहेबांचं जेवण राहिलेलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मग करा की समदंच अर्धं अर्धं. शिडी बी कापा."

लाज वाटून गप्प बसतील, असा त्यांचा हिशेब. पण हे दोघं कुणाचं ऐकायला बसले होते? सावळारामनं खरोखर करवत आणवली. शिडी मधोमध कापली. मग पाटा इकडं आला, वरवंटा तिकडं गेला. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी याला, एक त्याला. मोठ्या पितळी डब्याचं झाकण सावळारामकडं आणि डबा कुंडलिककडं. त्या दिवसापासून एका घरात पाट्यावर नदीतला गोटा घेऊन चटणी वाटत होते आणि दुसऱ्या घरात वरवंटा फरशीच्या तुकड्यावर घसरत होता. बापूसाहेब पुढं कितीतरी वर्षं सांगायचे, आठ दिवसांत शहाणे होतील असं वाटलं होतं मला. आपण या गावाला पुरते ओळखत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. जात्याचं मात्र तसं नव्हतं.

जातं त्यांच्या आईचं, जयवंताचं. गावात गिरणी येऊन जमाना झाला तरी म्हातारी पहाटे उठून जात्यावरच दळायची. घरातली निम्मी माणसं तिच्या घरघरीनं जागी व्हायची आणि निम्मी त्याच घरघरीत पुन्हा गाढ झोपायची. सावळाराम कौतुकानं चारचौघांत सांगायचा, गिरणीच्या पिठाची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही. ती गेली आणि वर्ष फिरलं नाही तोच वाटणी निघाली. त्या दिवशी जात्याची पाळी आली तेव्हा कुंडलिक सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या भाकरीपायी म्हातारपणी आईला जात्याला जुंपलीस, दादा. तूच घे जातं. बांध गळ्यात आन हिंड गावभर."

सावळाराम तसाच उठला, जात्याचा वरचा दगड, वरची तळी, खुंट्यासकट उचलली आणि घरात नेऊन आपटली. खालची तळी अंगणात तशीच राहिली. कुंडलिकनं ती नेली. दोघा भावांमधलं बोलणं तिथं थांबलं, आणि मग अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली.

तेव्हापासून वरची तळी माजघराच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होती. अंधारात सावळारामची करंगळी हटकून तिच्यावर ठेचकाळायची. ठेच लागली की कुंडलिकचं ते बोलणं आठवायचं, आणि बोलणं आठवलं की दिवस नासायचा. मुक्ताबाई, त्याची बायको, म्हणायची, जागा तरी बदला त्या दगडाची. पण सावळारामनं ती बदलली नाही. त्याला ती ठेच लागत होती असं म्हणण्यापेक्षा तो ती रोज जाऊन घेत होता, असंच म्हटलं पाहिजे.

मुक्ताबाईबद्दल काय सांगावं? बोलणं कमी, हाताला उसंत नाही. वाटणीच्या त्या सगळ्या तमाशात तिनं तोंड उघडलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या जावेशी, सारजाशी, ती विहिरीवर, कॅनॉलवर, बाजारात चोरून नव्हे तर उघड बोलायची. सावळाराम घुश्शात आला तर म्हणायची, "भांडण तुमचं हाय, त्याला माझी तोशीस कशाला?" आणि पुढचं काम हातात घ्यायची. एवढ्या वर्षांत घराची अर्धी-मुर्धी वस्तू तिनं हूं की चूं न करता सांभाळली. म्हणून त्या वर्षी ती बोलली, तेव्हा सावळारामला आधी कळलंच नाही की हे आपल्याच घरातून येतंय.

त्या वर्षी त्यांचं शेतात स्लॅबचं घर झालं होतं. मुलगा युवराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, त्यानं हौसेनं बांधलं. पुढं ओटा, मागं मोरी, वर टाकी. दसऱ्याला तिकडं राहायला जायचं ठरलं. त्याआधी, घट बसायच्या आत, मुक्ताबाईनं रिवाजाप्रमाणं दसरा काढला. आमच्याकडं दसरा काढतात म्हणजे घरातली झाडून सगळी वस्तू अंगणात येते. गोधड्या, डबे, उतरंड, पाट, कधीची फुटकी बरणी, सगळं उन्हात. वर्षभराचं घर एका दिवसात उघडं पडतं. मुक्ताबाई त्या पसाऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली,

"ह्यातली अर्धी वस्तू एक बी नव्या घरात यायची न्हाय."

"म्हंजी? टाकून द्यायची?"

"टाकायची कशाला? जिचा जोड पलीकडं हाय ती पलीकडं जाऊ द्या. आपल्यात अर्धी राहण्यापरास त्यांच्यात पुरी व्हईल."

"आन त्यांनी आपल्याला काय दिलं?"

"मागितलंय कुणी?"

सावळाराम चिडला. म्हणाला, कुंडलिक उद्या गावभर सांगत सुटेल की दादानं हात टेकले. मुक्ताबाई गोधड्यांची गाठोडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगू द्या की. आपण वस्तीवर. तितं कोण ऐकायला येतंय?"

हे ती सहज बोलली, पण सावळारामला लागलं. कारण त्याच्या मनात जे होतं ते नेमकं तेच होतं. रोज पहाटे भिंतीपलीकडं कुंडलिक खोकायचा. तो खोकला ऐकला की सावळारामला कळायचं, उठला, बरा आहे. खोकला जरा उशिरा आला तर हा उगाच अंगणात जाऊन बादली आपटायचा. भावाशी बोलायचं नाही ही त्याची प्रतिज्ञा, आणि भाऊ पलीकडं आहे याची रोज खातरी करून घ्यायची ही त्याची सवय. वस्तीवर गेल्यावर प्रतिज्ञा तेवढी उरणार होती. एकदा गाव सुटलं की या अबोल्यावर कायमची माती पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी त्याचं तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई गोधड्या धुवायला कॅनॉलवर गेली. सावळाराम अंगणात एकटाच पसारा राखत बसला. समोर जात्याची तळी, पोतं काढलेली, धुऊन स्वच्छ केलेली. बघता बघता त्याचा हात तळीच्या मधल्या भोकात गेला आणि त्यानं माकडी उपसून काढली.

माकडी म्हणजे त्या भोकात आडवा बसवलेला बाभळीचा लहानसा तुकडा. खालच्या तळीची खीळ तिच्यात बसते आणि वरची तळी तिच्यावर तोलून फिरते. माकडी नसली तर जातं फिरत नाही, दगडावर दगड तेवढा बसतो. सावळारामनं ती बंडीच्या खिशात टाकली. द्यायचं तर द्या, पण फिरू तर देणार नाही, असा हा हिशेब. चांगला नातवंडं व्हायच्या वयाचा माणूस, आणि खेळात हरलेल्या पोरासारखी गोटी लपवून बसला.

दुपार कलल्यावर मुक्ताबाई परत आली. गोधड्या वाळत घातल्या, भाकरतुकडा खाल्ला आणि अर्धी शिडी खांद्यावर घेऊन रस्त्यानं पलीकडच्या दारात गेली. आळीतल्या बायका ओट्यावर आल्या. सर्जेराव तंबाखू मळता मळता थांबला. सारजा दारात आली, तर मुक्ताबाई म्हणाली, "हे घे गं. तुझं मला काय नको, आधीच सांगून ठेवते. मला जागा न्हाय."

मुक्ताबाईनं तिला उत्तर सुचायला वेळही दिला नाही. शिडी ठेवून ती परत आली, दाराची फळी घेऊन गेली. मग पाटा. मग झाकण, चिंचेनं लखलखीत घासलेलं. एखाद्याकडं मागायला जाताना माणसाची मान खाली असते आणि द्यायला जाताना बहुतेकांची उगाच वर होते. मुक्ताबाईची दोन्ही नव्हती. घरचं पाणी भरावं तशी ती खेपा घालत होती. आळीतल्या एकीनं कुजबुजायला तोंड उघडलं होतं, तिनंही ते मिटलं आणि पुढं होऊन शेवटची खेप उचलू लागली.

शेवटची खेप तळीची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तो दगड, आणि मानेची शीर ताठ. सावळाराम ओसरीवर बसून बघत होता. उठून हात लावावा असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी खिशातली माकडी बरगडीला टोचली. तो बसूनच राहिला. पण मनाशी म्हणाला, काय बाई आहे ही. आपण एक दगड इतकी वर्षं घेऊन बसलो आणि हिनं तो एका खेपेत पोचवला. हे त्यानं तिला बोलून दाखवायला हवं होतं. आमच्याकडं तशी पद्धत नाही, हे दुर्दैव.

संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले. कुणीतरी शिडीच्या दोन तुकड्यांना पट्ट्या ठोकत होतं. दाराची फळी बिजागरीत बसताना कुरकुरली. मग पुऱ्या पाट्यावर पुऱ्या वरवंट्यानं लसूण वाटल्याचा वास भिंत ओलांडून आला. मुक्ताबाई चुलीपुढं बसून एकेक आवाज ओळखत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "पहाटं सारजा जातं मांडंल बगा. आत्याबाईंचं जातं. किती दिसांनी ऐकायला येईल."

सावळाराम जेवता जेवता थांबला. पाणी प्यायला आणि उठला.

पहाटे मुक्ताबाई नेहमीपेक्षा लवकर जागी झाली. चूल पेटवली नाही, झाडू घेतला नाही, नुसती भिंतीशी बसून राहिली. पलीकडं तळीवर तळी ठेवल्याचा आवाज आला. दगड एकदा घासला, अडला. पुन्हा एकदा घासला. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"त्यांना न्हाय घ्यायचं जणू," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, घेतील."

एवढंच म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. काल सगळ्या आळीच्या नजरा झेलताना जो उतरला नव्हता तो उतरला. आपण जीव लावून दिलं आणि समोरच्यानं ते बाजूला सारलं, असं तिला वाटलं होतं. सावळाराम अंथरुणात बसून ते बघत होता. ही बाई आपल्या पापाचं खापर भावाच्या माथी फोडतेय आणि आपण ऐकून घेतोय, हे त्याला सोसलं नाही. भावाची हार बघायला जी गोष्ट लपवली, तिनं पहिल्याच सकाळी हिचीच मान खाली घातली.

तो उठला. खुंटीवरच्या बंडीतून माकडी काढली आणि तळहातावर धरून तिच्यापुढं केली.

मुक्ताबाईनं माकडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आता ही फाडून खाणार, असं त्याला वाटलं. ती पदर खोचत उठली. म्हणाली, "जावा, देऊन या. मी च्या टाकते. चौघांचा टाकते."

भिंतीला वळसा घालून जायला कितीसा वेळ लागतो? सावळारामला ती वाट फार लांब वाटली. दारात दोन्ही फळ्या होत्या, उघड्या. आत सोप्यात कंदील होता. खालच्या तळीवर वरची ठेवलेली, शेजारी सुपात बाजरी. कुंडलिक जात्यापाशी मांडी घालून बसला होता. त्याच्या गुडघ्याजवळ लाकूड तासायचा वाकस पडलेला आणि बाभळीचा एक ओंडका, न तासलेला. गावातल्या अर्ध्या अवजारांना दांडे कुंडलिकनं बसवलेले. एक विडी संपेपर्यंत त्यानं नवी माकडी तासून काढली असती.

सावळारामनं माकडी पुढं केली. इतक्या वर्षांनी पहिलं काय बोलावं ते कळेना, म्हणून जे समोर दिसलं तेच बोलला. "नवी करून का घेतली न्हाईस?"

"म्हटलं, तू आणशील," कुंडलिक म्हणाला. "रातीच बगितलं व्हतं, माकडी न्हाय ते. पहाटं सारजानं तरी तशीच फिरवून बगितली, फिरंना. सारजा म्हनली, करा की नवी. म्हटलं थांब. दादाकडं आसंल. आणंल सकाळी."

सावळाराम उंबऱ्यातच खाली बसला. कुंडलिकनं माकडी हातात घेऊन फिरवली. आईच्या हयातीतली, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. तिच्याकडंच बघत तो बोलायला लागला.

"आई ऐकत नव्हती, दादा. गिरणीचं नाव काढलं की सूप मांडीखाली दाबून बसायची. तू तरी काय करणार व्हतास? मला तवा बी ठाऊक व्हतं ते."

"मग तसं का बोललास?"

"जातं मला पायजे व्हतं. समदं. तिच्या हातांचं एवढंच तर व्हतं. मागायचं कसं ते कळंना, मग तोंडाला आलं ते बोललो."

"मागायचंस की."

"दिलं असतंस?"

सावळारामनं खरं काय ते आठवून बघितलं. मग म्हणाला, "न्हाय."

कुंडलिक हसला. हसता हसता खोकला लागला, तोच तो खोकला, आज भिंतीविना. सावळारामनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबल्यावरही तो तिथंच राहू दिला. सावळारामचे डोळे भरून आले होते. कंदिलाच्या उजेडात ते दिसत होते आणि लपवायची त्याला गरज वाटली नाही.

माकडी आपल्या जागी बसली. मुक्ताबाई चहाची किटली घेऊन आली तेव्हा सारजा जात्यापुढं बसलेली. सारजानं नुसतं सरकून जागा केली. मुक्ताबाई समोर बसली, एका खुंट्यावर दोघींचे हात पडले आणि जातं फिरायला लागलं. आधी जड, मग सुटं. सावळाराम आणि कुंडलिक चहा निववत ओट्यावर बसून राहिले. कुणी कुणाची माफी मागितली नाही. घरघर ऐकत होते, तेवढं त्यांना पुष्कळ झालं.

मग नवरात्रभर रोज पहाटे ती घरघर अलीकडच्या घरात येत राहिली. पलीकडून परत मात्र काही आलं नाही. मुक्ताबाईनं तसं सांगितलंच होतं, आणि सारजानं शब्द राखला.

दसऱ्याला ट्रॅक्टर दारात लागला. युवराज आणि सर्जेरावानं सामान चढवलं. गोधड्या, भांडी, कपाट, खाटा. ट्रॉली निम्मीसुद्धा भरली नाही. युवराज म्हणाला, "आबा, एवढंच?" सावळाराम म्हणाला, "एवढंच. बाकीचं अर्धं-मुर्धं व्हतं." ट्रॅक्टर सुरू व्हायच्या बेताला कुंडलिक भिंतीला वळसा घालून आला. त्याच्या हातात पितळी डबा होता, गळ्यापर्यंत पिठानं भरलेला. वर झाकण घट्ट बसलेलं, लखलखीत.

"आईच्या जात्याचं पीठ हाय," तो म्हणाला. "वैनी, नव्या घरातली पहिली भाकर ह्याची. आन दादा, डबा माझा हाय. परत आणून दे."

आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. दिलेल्या भांड्यात काहीबाही घालून परत करायचं, मग पलीकडच्यानं ते पुन्हा भरून पाठवायचं. ते दोन्ही भावांना ठाऊक होतं. सावळारामनं डबा घेतला आणि ट्रॉलीत बसून मांडीवर ठेवला. झाकणावर हात ठेवून तो बसला होता. कॅनॉलचा पूल मागं पडला, दोन्ही बाजूंनी ऊस लागला, तेव्हा त्यानं बायकोला विचारलं, "डब्यात घालून काय द्यायचं गं त्याला?"

"आता शेंगा निगतील, त्या देऊ," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी सोता घेऊन जावा."